शिकलेल्या हातांचें ऋण

गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तालुक्याच्या गांवचा, शेतकरी घरांतला, पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन दोन वर्षें रिकामा बसलेला हा मुलगा त्या दिवशीं मोठ्या उत्साहांत होता. परप्रांतांतील एका नव्या चिप-कारखान्यासाठीं प्रशिक्षणार्थी म्हणून त्याची निवड झाली होती. सहा महिने शिक्षण, त्या काळांत विद्यावेतन आणि पुढें नोकरी, असा बेत होता. खर्चाचा बराचसा भाग सरकारी योजनेंतून भागावयाचा होता. पेढ्यांचा पुडा माझ्यापुढें ठेवून त्यानें खिशांतून एक कागद काढला. तें करारपत्र होतें. प्रशिक्षणानंतर दोन वर्षांच्या आंत नोकरी सोडल्यास उमेदवारानें दोन लक्ष रुपये कंपनीस भरावे, असें त्यांत एक कलम होतें. "सर, सही करूं ना?" असें विचारून तो क्षणभर थांबला आणि मग थोड्या संकोचानें म्हणाला, "पण एक कळत नाहीं. शिकवणार सरकारच्या पैशानें, मग मी ऋणी कोणाचा? सरकारचा, कीं कंपनीचा?"

त्या प्रश्नाचें उत्तर मला त्या संध्याकाळीं देतां आलें नाहीं. गेलीं अठ्ठावीस वर्षें मी वर्गांत अर्धवाहकांचा धडा शिकवीत आलों आहें. परंतु चिप बनतांना मीं कधीं पाहिली नाहीं, आणि माझा धडा ऐकून उठलेल्या मुलांचे हात पुढें कोणत्या कामाला लागतात, याची चौकशीही फारशी केली नाहीं. कारखान्यासाठीं माणसें तयार करणें हें विद्येच्या उपासकाचें काम नव्हे, असा एक सोंवळा अभिमान आम्हां प्राध्यापकवर्गांत असतो. तो माझ्यांतही होता. मात्र माझा पगार शासनाच्या अनुदानांतून येतो, आणि तें अनुदान त्या मुलाच्या बापासारख्या माणसांनीं भरलेल्या करांतून येतें. तेव्हां "मी कोणाचा ऋणी?" हा प्रश्न त्याच्याइतकाच माझाही होता. तो गेल्यावर मी या विषयाचें वाचन करूं लागलों. त्या वाचनांतून जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

चिपांचा उद्योग हा आज जगांतील अत्यंत खर्चिक उद्योगांपैकीं एक आहे. सिलिकॉनच्या तीनशें मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर शेंकडों क्रिया एकामागून एक कराव्या लागतात. त्यांना कित्येक आठवडे लागतात. आणि या सगळ्या श्रमावर धुळीचा एक कण पाणी फिरवूं शकतो. म्हणून हें काम 'क्लीनरूम' नांवाच्या निर्धूळ दालनांत, नखशिखांत झगे घालून चालतें. तेथील यंत्रें बहुतेक स्वतःच काम करतात. पण तीं चालतीं ठेवणारा, निर्वात पंपांची निगा राखणारा, विषारी वायूंच्या नळ्या सांभाळणारा आणि मोजमापांत पडलेला बारीकसा फरक वेळींच ओळखणारा तंत्रज्ञ लागतोच. असा माणूस बाजारांत तयार मिळत नाहीं.

२०२० नंतर जगांत चिपांचा तुटवडा पडला. चार-दोन रुपयांच्या वस्तूवांचून लाखों रुपयांच्या मोटारी कारखान्यांत अडकून पडल्या आणि राष्ट्रें जागीं झालीं. अमेरिकेंत ९ ऑगस्ट २०२२ रोजीं 'चिप्स अँड सायन्स' कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. या कायद्यानें चिपांच्या उद्योगासाठीं सुमारें ५,२७० कोटी डॉलर मंजूर केले. त्यांपैकीं ३,९०० कोटी कारखाने उभारण्याच्या उत्तेजनार्थ होते. मनुष्यबळाच्या शिक्षणासाठीं जो स्वतंत्र निधी त्यांत नेमला गेला, तो होता २० कोटींचा. म्हणजे एकंदर रकमेच्या शंभराव्या हिश्शाच्या निम्म्याहूनही कमी. कारखान्यांना दिलेल्या अनुदानांतही प्रशिक्षणाचा कांहीं वाटा होता, हें खरें. तरी भिंतींसाठीं किती आणि माणसांसाठीं किती, याचें प्रमाण या आंकड्यांवरून ध्यानीं येतें. पुढच्याच वर्षीं, जुलै २०२३ मध्यें, तेथील चिप-उद्योगाच्या संघानें असा अंदाज प्रसिद्ध केला कीं २०३० पर्यंत या धंद्यांत सुमारें १,१५,००० नव्या जागा निर्माण होतील, आणि त्यांतील ६७,००० जागांना माणसें मिळणार नाहींत. भिंती उभ्या राहतील, पण आंत कोण उभें राहणार, अशी ही चिंता होती.

येथें सामान्य वाचकाच्या मनांत पहिला प्रश्न येईल तो असा, कीं ज्या धंद्याला माणसें हवीं त्यानेंच तीं कां शिकवूं नयेत? सुताराचा उमेदवार सुतारच तयार करतो. त्यासाठीं तो राजाकडे हात पसरीत नाहीं. अ‍ॅडम स्मिथनें १७७६ च्या आपल्या ग्रंथांत शिकलेल्या कारागिराची तुलना किंमती यंत्राशीं केली आहे. यंत्रावर घातलेला पैसा जसा त्याच्या कामांतून वसूल व्हावा लागतो, तसा शिक्षणावर घातलेला पैसा मजुरींतून वसूल व्हावा लागतो, असा त्याचा आशय आहे. पण यंत्र आणि माणूस यांत एक भेद आहे. यंत्र रात्रीं उठून शेजारच्या कारखान्यांत जात नाहीं; माणूस जाऊं शकतो. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६४ सालीं हा भेद स्पष्ट करून मांडला. जें कसब एकाच कारखान्यांत उपयोगी पडतें त्यावर मालक खर्च करील; परंतु जें ज्ञान कोठेंही उपयोगी पडतें त्यावर तो सहसा करणार नाहीं, कारण त्याचें फळ दुसराच मालक नेण्याचा संभव असतो. मग तो खर्च शिकणाऱ्यानें सोसावा लागतो. आणि शिकणारा दरिद्री असेल तर शिक्षण होतच नाहीं. ही पोकळी राज्यानें भरून काढावी, असें या विचारांतून निष्पन्न होतें. राज्याच्या दृष्टीनें कारागीर या कारखान्यांतून त्या कारखान्यांत गेला तरी कांहीं बिघडत नाहीं; तो देशांतच राहतो.

हा युक्तिवाद मला पटतो. परंतु तो पटल्यावरही मन निःशंक होत नाहीं. कारण येथें एका वर्गाचा पैसा दुसऱ्या वर्गाच्या नफ्याकडे वळविला जात आहे काय, ही शंका उरतेच. आणि महाराष्ट्राला ही शंका नवी नाहीं. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें सादर केलेल्या निवेदनांत जोतीराव फुल्यांनीं हीच तक्रार मांडली होती. कर भरतो शेतकरी, आणि त्या पैशानें उच्च शिक्षण मिळतें वरच्या वर्गांना. वर दिलेली विद्या आपोआप खालीं झिरपेल अशी जी आशा सरकारनें बाळगली ती फळाला आलेली नाहीं. म्हणून सरकारनें आधीं प्राथमिक शिक्षणाकडे पाहावें, असा त्यांचा आग्रह होता. आज झिरपण्याची हीच कल्पना नवा वेष घेऊन आली आहे. पैसा वर कंपनीला द्यावा, म्हणजे तो रोजगाराच्या रूपानें खालीं येईल, असें आपणांस सांगण्यांत येतें. येईलही कदाचित्. पण फुल्यांनीं विचारलेला प्रश्न आपण विसरतां कामा नये: ज्यानें पैसा दिला त्याच्या घरीं अखेर काय पोंचलें?

हें प्रत्यक्ष कसें घडतें तें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील दोन राज्यांकडे पाहूं. पहिलें राज्य अ‍ॅरिझोना. तैवानची जगप्रसिद्ध टीएसएमसी कंपनी तेथें फीनिक्स शहराजवळ कारखाना बांधीत होती. जुलै २०२३ मध्यें तिनें जाहीर केलें कीं कुशल माणसांच्या अभावीं कारखाना २०२४ ऐवजीं २०२५ मध्यें सुरूं होईल, आणि तोंपर्यंत तैवानहून अनुभवी माणसें आणावीं लागतील. त्याच परिसरांतील सामुदायिक महाविद्यालयांनीं २०२२ पासून तंत्रज्ञांसाठीं एक अभ्यासक्रम चालविला आहे. त्याची मुदत दहा दिवसांची. झगा कसा घालावा, हत्यार कसें धरावें, विद्युत्मंडल कसें तपासावें, एवढी तोंडओळख त्यांत होते. हॉटेलांत किंवा दुकानांत राबणाऱ्या माणसाला या नव्या धंद्याचें दार किलकिलें करून दाखविण्याचें काम हे दहा दिवस करतात, आणि तेवढ्यापुरते ते स्तुत्यच आहेत. पण दार दाखविणें निराळें आणि आंत घर देणें निराळें.

दुसरें राज्य ओहायो. जानेवारी २०२२ मध्यें इंटेल कंपनीनें तेथें २,००० कोटी डॉलर खर्चून दोन कारखाने उभारण्याची घोषणा केली. तीन हजार माणसांना काम मिळणार होतें आणि २०२५ मध्यें चिपा निघूं लागणार होत्या. राज्यांतील महाविद्यालयांसाठीं कंपनीनें दहा वर्षांत ५ कोटी डॉलर देऊं केले. तितकीच भर केंद्र सरकारच्या विज्ञान प्रतिष्ठानाच्या सहकार्यानें पडावयाची होती. महाविद्यालयांनीं नवे अभ्यासक्रम सुरूं केले. मुलांनीं नांवें घातलीं. पुढें कंपनीचे दिवस फिरले. ऑगस्ट २०२४ मध्यें तिनें सुमारें पंधरा हजार माणसें कमी करण्याचें ठरविलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सरकारनें तिला ७८६ कोटी डॉलरपर्यंतचें अनुदान मंजूर केलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें जाहीर झालें कीं ओहायोंतील पहिला कारखाना २०३० किंवा २०३१ पूर्वीं चालूं होणार नाहीं. त्या ऑगस्टांत सरकार स्वतःच कंपनीचें सुमारें दहा टक्क्यांचें भागीदार झालें. कंपनीला अनुदान मिळालें, सरकारला भाग मिळाले. ज्या मुलानें २०२३ सालीं कारखान्याच्या भरंवशावर अभ्यासक्रम पुरा केला, त्याला काय मिळालें?

या प्रश्नापाशीं मी बराच वेळ थांबलों. कारण संबंध विषयाची कसोटी मला येथें सांपडली असें वाटतें. सरकारी पैशानें दिलेलें शिक्षण उचित कीं अनुचित, हें कारखाना उघडल्यावर कळत नाहीं. कारखाना उघडला म्हणजे सर्वांचें भागतें. दहा दिवसांचें शिक्षणही पुरेसें ठरतें. कारखाना उघडला नाहीं तर शिकलेल्याच्या हातीं काय उरतें, यावरूनच त्या शिक्षणाचें मोल ठरवावें. त्याला केवळ एका कंपनीच्या एका यंत्राचीं बटनें दाबतां येत असतील, तर सरकारनें त्याला शिकविलें नाहीं. कंपनीचा खर्च आपल्या अंगावर घेतला, इतकेंच. पण निर्वात म्हणजे काय, तो कसा निर्माण करतात आणि कोठें गळतो. मोजमापांतील चूक कोणती आणि योगायोग कोणता. घातक रसायन कसें हाताळावें. बिघडलेल्या यंत्राचा दोष पायरीपायरीनें कसा शोधावा, हें त्याला समजलें असेल, तर औषधांच्या कारखान्यांत, सौर पट्ट्यांच्या धंद्यांत, रुग्णालयाच्या यंत्रशाळेंत तो कोठेंही उभा राहील. तें ज्ञान त्याचें आहे. कारखान्याच्या दारास कुलूप लागलें तरी त्याला कोणी कुलूप लावूं शकत नाहीं.

या दोन्ही गोष्टींचे दाखले आपल्याच प्रांतांत आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरूं झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते आणि त्यांतील कित्येकांना गिरणीचें दार पुन्हा दिसलें नाहीं. तीस-तीस वर्षें मागावर काढलेलीं तीं माणसें अडाणी नव्हतीं. आवाजावरून मागाचा दोष ओळखणारीं होतीं. कांहींजण भिवंडीच्या यंत्रमागांकडे कमी मजुरीवर वळले, कांहीं कोंकणांत परतले. त्यांच्या कसबाला दुसरीकडे चालेल असें नाणें कोणी करून दिलें नव्हतें. उलट बाजूनें पाहा. १८५४ सालीं पुण्यास सरकारनें एक इंजिनिअरिंगचा वर्ग काढला, तो बांधकाम खात्याला हाताखालचे नोकर मिळावे म्हणून. हेतु याहून उदात्त नव्हता. पण त्या वर्गांत पुढें गणित शिरलें, पदार्थविज्ञान शिरलें, त्याचें महाविद्यालय झालें, आणि १८८३ सालीं तेथून विश्वेश्वरय्या बाहेर पडले. खडकवासल्याच्या धरणाला १९०३ सालीं बसलेले स्वयंचलित दरवाजे ही त्यांची कल्पना. सरकारला हवे होते हुकूम पाळणारे. तत्त्व शिकविल्यामुळें मिळाले विचार करणारे. म्हणून हेतु संकुचित असल्याबद्दल मी आतां नाक मुरडीत नाहीं. कारखान्यासाठीं शिकवा, पण कारखान्यापुरतें शिकवूं नका, इतकेंच माझें म्हणणें आहे.

आतां करारपत्राकडे वळूं. बंधन घालणें सर्वथा अन्याय्य आहे, असें मी म्हणत नाहीं. मे २०२५ मध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें एका सार्वजनिक बँकेच्या अशाच अटीस मान्यता दिली. तीन वर्षांच्या आंत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्यानें दोन लक्ष रुपये द्यावे, अशी ती अट होती. सार्वजनिक संस्थेला भरतीचा खर्च पुन्हा करावा लागतो, ही गोष्ट न्यायालयानें लक्षांत घेतली. हें समजण्यासारखें आहे. ज्यानें खर्च केला त्यानें कांहीं मागावें, यांत अन्याय नाहीं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांकडून समाज कांहीं काळ सेवा मागतो, तेंही याच न्यायानें. परंतु खर्च एकानें करावा आणि बंधन दुसऱ्यानें घालावें, हें कोणत्या न्यायांत बसतें?

हें मनांत आलें तेव्हां मला एकलव्याची आठवण झाली. द्रोणांनीं त्याला शिकविलें नाहीं. दारांतून परत पाठविलें. तो मातीच्या मूर्तीपुढें स्वतःच्या कष्टानें शिकला. आणि तो शिकल्याचें कळतांच द्रोण गुरुदक्षिणा मागावयास आले. तीही अशी मागितली कीं जिच्यायोगें शिकलेलें निरुपयोगी व्हावें. त्या कथेंत आपल्याला बोंचतें तें दक्षिणेचें मोठेपण नव्हे. न शिकवितां दक्षिणा मागणें हें बोंचतें. ज्या कंपनीनें शिक्षणाचा भार राजकोशावर टाकला आणि शिकणाऱ्याच्या पायांत मात्र स्वतःची बेडी घातली, तिनें तरुणाचा अंगठाच मागितला असें म्हणावें लागेल. कारण कारागिराचा अंगठा म्हणजे त्याचें कसब दुसरीकडे नेण्याची मोकळीक. ती गेली कीं मजुरी ठरवितांना तोंड उघडण्याचें त्याचें बळही गेलें. कंपनीनें स्वतःच्या पदरचा जेवढा खर्च केला असेल, तेवढ्याचा हिशेब तिनें खुशाल मागावा. तोही सेवेच्या प्रत्येक महिन्यागणिक उतरत जावा.

मग विद्यार्थ्यावर कोणाचेंच ऋण नाहीं काय? आहे, पण तें निराळ्या जातीचें. आपल्या पूर्वजांनीं माणूस तीन ऋणें घेऊन जन्मतो असें म्हटलें. त्यांतील ऋषिऋण हें विद्येचें ऋण. तें ज्यानें दिलें त्याला परत करून फिटत नाहीं. ऋषि तर केव्हांच निघून गेलेले असतात. स्वतः शिकावें आणि पुढच्यास शिकवावें, यानेंच तें फिटतें. सरकारी पैशानें शिकलेला तंत्रज्ञ एका कारखान्यांतून दुसऱ्यांत गेला आणि तेथें चार नवख्यांना हाताखालीं घेऊन शिकविता झाला, तर करदात्याचें ऋण फिटलें असें मी समजतों. तो परदेशीं गेला तर आपलें कांहीं नुकसान होईल हें खरें. पण त्यावरचा उपाय बेडी हा नसून येथेंच राहावेंसें वाटेल असें काम आणि वेतन हा आहे.

आपल्या देशानें या कामीं मोठा डाव मांडला आहे. डिसेंबर २०२१ मध्यें केंद्र सरकारनें ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. मंजूर कारखान्यांच्या भांडवली खर्चाचा निम्मा भार केंद्र उचलतें. चिपांच्या आराखड्याच्या कामांत ८५,००० जणांना तरबेज करण्याची निराळी योजना आहे. हें व्हावें असेंच मला वाटतें. पण घोषणेवर घर बांधूं नये, हें ओहायोइतकेंच मावळालाही ठाऊक आहे. वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा १ लक्ष ५४ हजार कोटींचा कारखाना तळेगांवास येणार अशी आशा होती. सप्टेंबर २०२२ मध्यें तो गुजरातेस जाणार असें ठरलें आणि महाराष्ट्रांत मोठा गहजब झाला. जुलै २०२३ मध्यें ती भागीदारीच मोडली. ज्याच्यासाठीं दोन प्रांत भांडले, तो कारखाना दोघांपैकीं कोणालाच मिळाला नाहीं. अशा वेळीं जो प्रांत भिंतींची वाट न पाहतां आपल्या मुलांना तत्त्व शिकवून ठेवील, त्याचें कांहींच वायां जाणार नाहीं.

आठ दिवसांनीं तो मुलगा पुन्हा आला. मीं त्याला सांगितलें, "सही करण्यापूर्वीं दोन गोष्टी विचार. सहा महिन्यांत काय शिकवणार तें लेखी माग, आणि दोन लक्षांचा आंकडा कशावरून काढला तें विचार." तो हंसला. म्हणाला, "सर, असें विचारलें तर ते दुसऱ्याला घेतील. रांग लांब आहे."

त्याचें म्हणणें खरें होतें, आणि माझ्यापाशीं त्यावर उत्तर नव्हतें. ज्याच्या मागें रांग उभी आहे त्याला अटी विचारतां येत नाहींत. त्याच्या वतीनें त्या विचारणें हें पैसा देणाऱ्याचें काम आहे. अनुदानाच्या कागदावर सही करतांना सरकारनेंच या दोन अटी लिहून घेतल्या असत्या, तर त्या मुलाला तोंड उघडण्याची गरज पडली नसती. त्यानें सही केली. जातांना वांकून नमस्कार केला, आणि मी शिकविलेली अर्धवाहकांच्या धड्याची जुनी वही बरोबर नेऊं का, असें विचारलें. ती त्याचीच होती. मीं ती इतके दिवस पुढच्या वर्गांना दाखविण्यासाठीं ठेवून घेतली होती.